हत्तीरोगाच्या गोळ्या डब्यात ठेवू नका, समोरच गिळा: लसिकासंस्था आणि प्रतिकारशक्तीबद्दल

पळसफूल (धागाकर्ती, नागपूर)

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की आपल्याकडे दरवेळी एकच दृश्य. आशाताई दारात येतात, घरातली मंडळी हात पुढे करतात, "जेवण झालं की घेतो" म्हणतात आणि गोळ्या टीव्हीशेजारच्या डब्यात जाऊन पडतात. मी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, रात्री घेतलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. माझं मत असं झालंय की लोकांना आळस असतो म्हणून ते गोळ्या टाळत नाहीत. गोळी आत जाऊन काय करते हे त्यांना कुणी धड सांगतच नाही. "मला काहीच झालेलं नाही, मग औषध कशाला?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी हा धागा काढतेय. उत्तर थोडं लांबचं आहे, कारण आधी लसिका समजून घ्यावी लागते.

रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाताना त्यातलं पाणी पेशींच्या मधल्या जागेत झिरपतं. बरंचसं परत रक्तात शिरतं, पण दिवसाकाठी साधारण ३ लिटर मागे उरतं. हे उरलेलं पाणी, त्यातली प्रथिनं आणि वाटेत सापडलेले जंतू गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या, आणि त्यांतला फिकट द्रव म्हणजे लसिका. दोन्ही पाय, पोट, डावा हात, छातीची आणि डोक्याची डावी बाजू, एवढ्या भागातली लसिका वक्षवाहिनीतून वर चढते आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे मोठ्या शिरेत उतरते. उजव्या हाताची आणि डोक्या-छातीच्या उजव्या बाजूची वाट तेवढी वेगळी.

कूलरच्या टाकीतलं पाणी वर खसपर्यंत चढतं ते पंपामुळे. लसिकेला तसा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात, चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाब देतात, श्वासाबरोबर छातीतला दाब बदलतो, आणि आतल्या झडपा चढलेली लसिका खाली घसरू देत नाहीत. म्हणून पायाची लसिका वर नेणं हे या संस्थेचं सगळ्यात कष्टाचं काम, आणि बिघाडही तिथेच आधी दिसतो.

वाटेत लसिकागाठी लागतात. अंगभर मिळून पाचशेच्या वर असतात. मान, काख, जांघ आणि पोटात त्यांचे झुपके असतात. प्रतिकारशक्तीचं खरं कामकाज इथे चालतं. त्वचा, नाकातला शेंबूड, डोळ्यांतलं पाणी, जठरातलं आम्ल हे बाहेरचे अडसर ओलांडून जंतू आत आला, तर आधी तिथल्या तिथे महाभक्षक पेशी आणि न्यूट्रोफिल त्याला गिळायला लागतात. पेशी जंतू गिळतात ही कल्पना एली मेचनिकॉफने १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे मांडली. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने काटा टोचला आणि पेशी काट्याभोवती जमताना पाहिल्या. १९०८ साली त्याला पॉल एरलिखबरोबर नोबेल मिळालं. जखमेतला पू म्हणजे बव्हंशी याच कामात मेलेले न्यूट्रोफिल.

पण गिळण्यावर भागत नाही. त्वचेखाली फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रिटिक पेशी असतात. त्या जंतूचे तुकडे अंगावर घेऊन लसिकेतून जवळच्या गाठीपर्यंत जातात. गाठीत टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी दाटीने असतात आणि प्रत्येकीला एकच विशिष्ट आकार ओळखता येतो. लाखोंतल्या जिला हा तुकडा जुळतो, ती दुभंगत जाते, तिच्या हजारो प्रती तयार होतात. पायात काटा रुतल्यावर जांघेत अवधाण येतं ते यामुळेच. ती गाठ दुखते म्हणजे तिथे काम सुरू आहे. यातल्या काही पेशी स्मृती धरून वर्षानुवर्षं टिकतात, आणि लस याच स्मृतीवर चालते. डेंड्रिटिक पेशी १९७३ साली दाखवून देणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांचं निधन होऊन तीन दिवस झाले होते. निवड समितीला त्याची कल्पना नव्हती. पुरस्कार तसाच कायम ठेवला गेला.

आता हत्तीरोग. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा सुतासारखा कृमी नेमका याच लसिकावाहिन्यांत घर करतो. ज्या वाटेवर पहारा सगळ्यात कडक, त्याच वाटेवर तो ६ ते ८ वर्षं जगतो, कारण तो प्रतिकारशक्तीला शांत ठेवतो. मादी लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. ही पिल्लं दिवसा फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो त्या वेळी, हातापायांच्या रक्तात येतात. म्हणून आमचं पथक रात्री साडेआठनंतर दारोदार फिरायचं. बोटाला टोचून घेतलेला थेंब काचेवर पसरून रंगवला की त्यात ती वळवळती पिल्लं गोठल्यासारखी दिसतात, जांभळ्या ठिपक्यांची, आखूड केसासारखी. आणि ज्या माणसाचं ते रक्त असायचं, तो बहुतेक वेळा ठणठणीत असायचा. सायकल चालवणारा, कामावर जाणारा, ताप नाही, सूज नाही.

आतमध्ये मात्र वाहिन्या फुगत असतात, झडपा निकामी होत असतात. काही वर्षांनी लसिका साचते, पाय जड होतो, पुरुषांत अंडवृद्धी होते. सूज पक्की झाल्यावर रक्त तपासलं तर पुष्कळदा पिल्लं सापडतच नाहीत, आणि तोवर झालेलं नुकसान गोळ्यांनी भरून येत नाही.

म्हणून गोळ्या निरोगी दिसणाऱ्यांना द्यायच्या. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तिहेरी मात्रा भारतात २०१८च्या अखेरीस बिहारच्या अरवलमध्ये सुरू झाली आणि २०१९च्या सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत ती आली त्यांत आपलं नागपूर होतं. डीईसी वयानुसार, १५ वर्षांवरच्यांना ३ गोळ्या. अल्बेंडाझोल चावून खायची. आयव्हरमेक्टिन उंचीनुसार, त्यासाठी ताईंच्या हातात खुणा केलेली काठी असते. तिला हसू नका, मात्रा तिच्यावरूनच ठरते. २ वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत. आयव्हरमेक्टिन ५ वर्षांखालच्या मुलांना नाही. रिकाम्या पोटी घेऊ नका, पण "नंतर घेतो" असंही म्हणू नका. दोन घास खा आणि ताईंच्या समोरच गिळा.

---

मानकापूर_मुक्काम

ताई, लिहिलं छान, पण आमच्या गल्लीतला अनुभव वेगळा आहे. मागच्या खेपेला सासूबाईंनी गोळ्या घेतल्या आणि रात्री ताप, डोकं दुखून राहिलं, मळमळ. सकाळी अख्ख्या गल्लीत बातमी, की गोळ्या बाधल्या. तेव्हापासून तीन घरं तर दारच उघडत नाहीत. त्यांना काय सांगू मी?

---

पळसफूल

@मानकापूर_मुक्काम, तुमची शंका मोलाची आहे, कारण मोहीम इथेच अडते.

सासूबाईंना आलेला ताप बहुधा औषधाच्या विषारीपणामुळे नव्हता. रक्तातली पिल्लं एकदम मरतात तेव्हा त्यांचे तुकडे, आणि त्या कृमींच्या पेशींत राहणारे वोल्बाकिया नावाचे जिवाणू, रक्तात सुटतात. इतके दिवस गप्प बसवलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. ताप, अंगदुखी, डोकेदुखी ही त्याची खूण. साधारण एक-दोन दिवसांत उतरते, पॅरासिटामॉल आणि विश्रांती पुरते. ज्यांच्या अंगात पिल्लं नसतात त्यांना सहसा काही जाणवत नाही. म्हणजे ज्या घरात ताप आला, त्या घराला गोळीची गरज जास्त होती. तीन घरांना हेच सांगा. चक्कर येऊन पडणं, श्वास लागणं, अंगभर पुरळ असं काही झालं तर मात्र घरी न थांबता मोहिमेच्या पथकाला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लगेच कळवायचं.

आणि एकदा घेतलं की झालं असं नाही. पिल्लं मरतात, पण मोठे कृमी सगळे मरतीलच असं नाही, म्हणून मोहीम असेल त्या प्रत्येक वर्षी घ्यायच्या.

---

गोंडवन

माझ्या वडिलांचा उजवा पाय. गाव मौद्याकडचं. सूज जुनी, आणि दर पावसाळ्यात थंडी वाजून ताप, पाय लालबुंद, जांघेत गोळा. एका खासगी दवाखान्यात दरवेळी इंजेक्शन देऊन घरी पाठवायचे. "याला आता इलाज नाही" एवढं एकच वाक्य ऐकून ऐकून बाबांनी पाय बघणंच सोडून दिलं होतं. लुंगीखाली झाकून ठेवायचे.

फरक पडला तो आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरमुळे. तिने टब मागवला, स्वतः खाली बसली आणि धुऊन दाखवलं. पाणी कोमट नाही, साधंच. साधा साबण हातावर फेसाळून घ्यायचा, थेट पायावर घासायचा नाही. गुडघ्यापासून खाली. मग प्रत्येक बोटाच्या बेचक्यात, कातडीच्या प्रत्येक घडीत बोट घालून फेस न्यायचा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. पुसताना रगडायचं नाही, सुती कपड्याने टिपायचं, बेचक्यांत तर कापडाची वात करून. तिथे पांढरी चिकट कातडी दिसली की बुरशीचं मलम. झोपताना पायाखाली उशी, आणि बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायचा व्यायाम.

पाय आधीसारखा झाला नाही. पण ते तापाचे झटके फार कमी झाले आणि बाबा परत शेतावर जाऊन राहिले. मला राग याचा येतो, की हे इतकं सोपं आधी कुणी का नाही सांगितलं.

---

पळसफूल

@गोंडवन, तुमचा राग बरोबर आहे. ते ताप कृमींचे नसतात, बेचक्यांतल्या भेगांतून शिरलेल्या जिवाणूंचे असतात. लसिका साचलेली असली की गाठींपर्यंत ना जंतूचे तुकडे वेळेवर पोचतात, ना तिथून पेशी निघून पायापर्यंत येतात. एरवी किरकोळ ठरणारी भेग म्हणून पाय पेटवते, आणि प्रत्येक झटका आणखी वाहिन्या बंद करून जातो. धुणं हाच इथे मुख्य इलाज आहे. झटका आलाच तर त्या दिवसांत व्यायाम थांबवायचा, पाय उंच ठेवायचा आणि प्रतिजैविकांसाठी डॉक्टरकडे जायचं. अंडवृद्धी असेल तर तिला शस्त्रक्रिया आहे, ती लाजेपोटी लांबवू नये.

---

संत्राबाग

माझा साधा प्रश्न. प्रतिकारशक्तीच वाढवली तर कृमीच काय, सगळंच आटोक्यात येईल ना? आमच्याकडे करोनापासून गुळवेलीचा काढा रोज चालू आहे.

---

वैद्यकीची_विद्यार्थिनी

संत्राबाग काका, मी इथेच नागपुरात एमबीबीएस करते आहे, म्हणून लिहिते.

प्रतिकारशक्ती नुसती वाढली तर ते आजारपणच. संधिवाताचा एक प्रकार, ल्युपस, लहान मुलांचा मधुमेह, या सगळ्यांत शरीराच्या पेशी शरीरावरच उलटतात. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी असतात. त्यांच्यावरच्या कामासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. हत्तीरोगाचा कृमी नेमका याच आवर घालणाऱ्या पेशींना हाताशी धरून वाहिनीत मुक्काम ठोकतो. मग काढ्याने काय वाढवायचं? ओढणारं की आवरणारं? कुठलाही काढा हे निवडून करत नाही. लस करते, कारण ती एकाच ठरावीक जंतूची ओळख पटवते.

गुळवेलीबद्दल काळजीने सांगते, करोनाकाळात ती घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. रोज घेत असाल तर एकदा यकृताची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना काढ्याचं आवर्जून सांगा.

पळसफूल ताई, एक भर घालू का? तुम्ही गाठींवर लिहिलंत, प्लीहा राहिली, जिला गावाकडे पाणथरी म्हणतात. गाठी लसिका गाळतात, पाणथरी थेट रक्त गाळते. जाड आवरणाचे जिवाणू, मुख्यतः न्यूमोकोकस, रक्तातून काढणं हे तिचं खास काम. आपल्या विदर्भात हे प्रत्येकाला माहीत असायला हवं, कारण आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. कोयत्याच्या आकाराच्या पेशी पाणथरीच्या बारीक वाटा तुंबवतात आणि बालपणीच तिचं काम मंदावतं. भारतीय रुग्णांत ती पुष्कळदा मोठी झालेली हाताला लागते, पण आकार मोठा म्हणजे काम चांगलं असं नाही. अशा मुलाला १०१ च्या वर ताप आला तर ती तातडीची वेळ समजायची.

---

चंद्रपूरची_आई

वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. माझ्या मुलाला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई-बाबा दोघांकडून आलेला. आम्ही उपचाराला नागपूरलाच येतो. पेनिसिलिन दिवसातून दोनदा का देतात हे आम्हाला कुणी समजावलं नव्हतं. "ताप नसताना अँटिबायोटिक कशाला" म्हणून घरच्यांनी ते मध्येच बंद करायला लावलं होतं. डॉक्टरांनी परत सुरू केलं. आज पहिल्यांदा कळलं की ते पाणथरीच्या बदल्यात आहे.

---

वैद्यकीची_विद्यार्थिनी

ताई, अगदी तसंच आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. त्यानंतर जगभर ही पद्धत पडली. निदान ५ वर्षं पूर्ण होईपर्यंत देतात, पुढचं डॉक्टर ठरवतात. न्यूमोकोकसची लसही २०२१पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. मुलाचे डोस पूर्ण झालेत का ते कार्डावर बघा, आणि अशा मुलांना लागणाऱ्या जादा लसींबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. पोटाची डावी बाजू हाताने चाचपायला त्यांच्याकडूनच शिकून घ्या. पाणथरी अचानक मोठी झाली आणि मूल पांढरंफटक पडलं तर क्षणाचाही उशीर नको.

---

इतवारी_गल्ली

माझ्या भाचीच्या मानेला गाठ आहे, दुखत नाही, बरेच आठवडे झाले. अवधाण म्हणून सोडून द्यायचं का?

---

पळसफूल

नाही, सोडू नका. घसा दुखला, दात किडला, डोक्यात उवा-फोड झाले की मानेत दुखरी गाठ येते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. न दुखणारी, वाढत जाणारी, एकाला एक चिकटलेली गाठ आपल्याकडे बऱ्याचदा क्षयाची निघते, जुनी माणसं तिला गंडमाळ म्हणायची. सुईने थोड्या पेशी काढून तपासणी होते, सरकारी रुग्णालयात होते, आणि क्षयाची औषधं फुकट मिळतात. औषधाने पूर्ण बरी होते. टणक, जागची न हलणारी, किंवा गळपट्टीच्या हाडावरची गाठ असेल, वजन उतरत असेल, रात्री घाम सुटत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

---

धरमपेठ_सायकल

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या. आता त्या हाताला सूज. हेही लसिकेचंच का?

---

पळसफूल

हो, तेच. वाटच काढल्यावर लसिका साचते. तो हात कापण्या-भाजण्यापासून जपायचा, तिथे लालसरपणा दिसला तर लगेच दाखवायचं. दाबपट्टी आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, मनाने पट्टी बांधू नका.

---

सोसायटी_सचिव

आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात, हत्तीपाय जुन्या वस्त्यांतला रोग, फ्लॅटवाल्यांना गोळ्या कशाला. मोहिमेच्या ताईंना गेटवरूनच परत पाठवून राहिले. मला बैठकीत बोलायचं आहे. मुद्देसूद काही द्याल का?

---

पळसफूल

@सोसायटी_सचिव, बैठकीत एकच गोष्ट दाखवा: तुमच्याच इमारतीच्या सेप्टिक टँकचा व्हेंट पाइप. संध्याकाळी त्याच्या तोंडाशी टॉर्च मारा.

डेंग्यूचा डास कूलरच्या स्वच्छ पाण्यात होतो, म्हणून आपण कूलर रिकामे करतो आणि काम झालं असं समजतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात होतो, म्हणजे उघडी नाली, तुंबलेलं गटार आणि सेप्टिक टँक. जाळी नसलेला पाइप ही त्याची बाहेर पडायची वाट. त्यावर बारीक नायलॉनची जाळी तारेने घट्ट बांधायची, टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवायच्या. खर्च किरकोळ आहे.

लागण सहसा एका चाव्याने होत नाही, महिनोन्महिने पुन्हा पुन्हा चावे लागतात, आणि ती बऱ्याचदा लहानपणीच होऊन जाते. त्यामुळे आज फ्लॅटमध्ये राहणारा माणूस लहानपणी कुठे राहिला होता तेही मोजावं लागतं. तुमच्याकडचा पहारेकरी, कामवाल्या मावशी, भाड्याने राहणारी मुलं, यांची घरं कुठे आहेत? डास त्यांच्यात आणि आपल्यात भेद करत नाही.

ताईंना गेटवर न थांबवता सोसायटीच्या हॉलमध्ये बसवा, रविवारी सकाळी, नाश्त्यानंतरच्या वेळेला. उंचीची काठी भिंतीला टेकवून ठेवायला जागा लागते, प्यायच्या पाण्याचा जार ठेवा. ज्यांना शंका असेल त्यांना रात्रीच्या रक्ततपासणीचं सांगा, हत्तीरोगाच्या रात्र चिकित्सालयात ती फुकट होते. दिवसा रक्त देऊन "काही निघालं नाही" असा कागद कुणी आणला, तर त्याला रात्री साडेआठनंतर परत पाठवा.

---

मानकापूर_मुक्काम

त्या तीन घरांपैकी एका घरी जाऊन आले. सासूबाईंनाच सोबत नेलं होतं, तापाचं कारण त्यांनीच सांगितलं. त्या काकूंनी आशाताईंचा नंबर लिहून घेतला आहे. दुसरं घर उद्या.